जुन्या गाडीच्या सीट नव्याने करताय? रंग सगळ्यात शेवटी निवडा

जुनी फियाट, अ‍ॅम्बेसेडर किंवा फोक्सवॅगन बीटल घेतलेला माणूस इंजिनाचं काम उरकलं की थेट रेक्झिनच्या दुकानात जातो. दुकानदार नमुन्यांची वही उघडतो. टॅन की मरून? पायपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल किनार, पांढरी की काळी? यात तास जातो, आणि ज्याच्यावर पुढची कित्येक वर्षं बसायचं त्या आतल्या मालाबद्दल बोलणं एवढंच होतं, ‘फोम जरा चांगला टाका हं.’ नव्याचे नऊ दिवस सरले की सीटला मधोमध खड्डा पडतो आणि टॅन रंग खड्ड्यातसुद्धा सुंदर दिसतो, एवढंच समाधान उरतं.

सीट खालून वर ठरवायची असते. आधी सांगाडा, मग स्प्रिंग, मग गोणपाट-काथ्या, मग फोम, मग कापड आणि सर्वांत शेवटी रंग. हा क्रम उलटा केला की पैसे दोनदा जातात. माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट आहे, म्हणून खालची बरीचशी उदाहरणं तिची आहेत. पण स्प्रिंगवर बांधलेल्या कुठल्याही जुन्या सीटला हेच लागू पडतं.

१. गाडी कशासाठी ठेवायची आहे, ते आधी ठरवा

रविवारी लोणावळ्याला जायला, की रॅलीत आणि स्पर्धेत उभी करायला? फिरवायची असेल तर बसायला आराम, टिकाऊपणा आणि आपली हवा बघा. स्पर्धेत उतरवायची असेल तर मूळ गाडीत काय होतं ते शोधा आणि त्याच्या जवळात जवळ जा. तिथे परीक्षक पट्ट्यांची रुंदी आणि पायपिंगची जाडीसुद्धा बघतात. फियाटला हिऱ्याच्या आकाराची शिलाई आणि लाल दोरा घातला की फोटो छान येतो, गुण मात्र जातात.

विंटेज नोंदणीबद्दल नेहमी विचारलं जातं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. फियाट ११०० चं ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ चं, म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयात बसतात. गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे, पण नियमांचा रोख चॅसी, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या फेरफारांवर आहे. रेक्झिन नवं घातलं म्हणून घाबरायचं कारण नाही. तरी काम सुरू करण्याआधीचे फोटो काढून ठेवा. एक लक्षात घ्या, अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही.

२. उघडण्याआधी मोजा

हे बहुतेक लोक सोडून देतात. सीट गाडीत असतानाच तिच्यावर नेहमीसारखं बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी मापं घ्यायला सांगा: डोकं ते छत, मांडी ते स्टिअरिंगची खालची कड, फरशी ते गादीची पुढची कड. जुनी गादी बसलेली असते, त्यामुळे दोनेक सेंटिमीटर वर आली तर चालतं. त्याहून वर गेली की उंच माणसाचं डोकं छताला टेकतं आणि क्लच दाबताना मांडी स्टिअरिंगला घासते. जुन्या फियाटचं स्टिअरिंग मोठं असतं आणि खाली वाकवायची सोय नसते. ‘मऊ हवी, अजून एक थर टाका’ म्हणणाऱ्यांची फसगत इथेच होते.

लागणारं सामान:

- पाने (फियाटला मिलिमीटरचे, अ‍ॅम्बेसेडर आणि मॉरिसला इंची)
- गंज सोडवणारं तेल. सीटच्या रुळांचे बोल्ट सहसा अडकलेले असतात
- साइड कटर, जुन्या रिंगा (कव्हर सांगाड्याच्या तारेला धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या) कापायला
- शिलाई उसवायचं छोटं पातं
- मापाची टेप, मार्कर, कागदी चिकटपट्टी
- स्वयंपाकघरातला वजनकाटा (कशाला, ते पुढे)
- मास्क आणि हातमोजे. जुन्या काथ्याची धूळ आणि उंदरांनी ठेवलेल्या आठवणी, दोन्ही नाकात जाऊ नयेत.

कारागिराकडे न्यायचे कागद थोडेच: सीटचे सगळ्या बाजूंचे फोटो, मापांचा कागद, मूळ कापडाचा तुकडा मिळाला तर तो. शक्य असेल तर गाडी दुकानात सोडू नका, फक्त सीट न्या. गाडी ठेवावीच लागली तर तारखेची पावती घ्या आणि आरसीची झेरॉक्सच द्या, मूळ आरसी नको.

३. कव्हर फाडू नका, उसवा

जुन्या सीटवर कव्हरांचे थर असतात. सर्वांत वर मागच्या मालकाचं वेल्वेट, त्याखाली त्याच्या आधीच्या मालकाचं जाळीदार कव्हर, त्याखाली कधीतरी बदललेलं रेक्झिन. मूळ कापड सापडलंच तर ते उजेड न लागलेल्या जागी सापडतं: मागच्या पाठीच्या खालच्या कडेला, गादीच्या खाली मुडपलेल्या पट्टीत, रिंगांच्या खाली अडकलेल्या चिंध्यांमध्ये. तिथला रंग वरच्या रंगापेक्षा इतका वेगळा असतो की आपण इतकी वर्षं भलताच रंग मूळचा समजत होतो हे कळतं. तेवढा तुकडा कापून पाकिटात घाला.

कव्हर उसवताना प्रत्येक तुकड्यावर चिकटपट्टी लावून लिहा: ‘ड्रायव्हर, पाठ, बाहेरची बाजू, वर’. नवं कापड कापायला हेच तुकडे पुढे फर्मे, म्हणजे मापाचे नमुने, होणार आहेत. कारागीर म्हणेल, ‘साहेब, गरज नाही, मी डोळे झाकून कापतो.’ तरी फेकू देऊ नका. काम पूर्ण होऊन सीट गाडीत बसेपर्यंत जुनं कव्हर तुमच्याच ताब्यात असू द्या.

४. सांगाडा आणि स्प्रिंग

गोणपाट काढलं की खरी परिस्थिती दिसते. नागमोडी तारांच्या किंवा गोल वेटोळ्यांच्या स्प्रिंगा, त्यांना आडव्या बांधलेल्या बारीक तारा, कडेला पत्र्याच्या पकडी. रोज एकाच बाजूने चढायची सवय असल्याने ड्रायव्हरच्या दाराकडची कड बहुधा मोडलेली असते. तुटलेली तार बदला, सैल पकड आवळा, सुटलेला जोड वेल्ड करून घ्या. मग सगळा गंज घासून रेड ऑक्साइड आणि वर इनॅमल मारा. हे काम स्वस्त आहे आणि पुन्हा करायची पाळी येत नाही.

फसायची जागा: ‘स्प्रिंगा गेल्यात, काढून टाकतो, प्लायवूड ठोकतो, वर जाड फोम.’ याला नाही म्हणा. या सीटमध्ये झटका स्प्रिंग खाते आणि फोम फक्त टोचू देत नाही. खाली फळी आली की सगळा भार फोमवर पडतो आणि कितीही महागाचा फोम लवकर चेपतो. शिवाय जुन्या गाडीचं सस्पेन्शन या स्प्रिंगा गृहीत धरूनच केलेलं असतं.

बीटलवाल्यांनी हा भाग दोनदा वाचा. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते. सीटच्या स्प्रिंगा दबून बॅटरीच्या टर्मिनलला टेकल्या तर शॉर्ट होऊन आतला काथ्या पेटतो. अशा आगी जगभर लागलेल्या आहेत. मागची गादी नव्याने करताना बॅटरीवर अधातूचं झाकण हवंच, आणि त्या बाजूच्या स्प्रिंगा वाकून खाली आलेल्या नाहीत ना, हे हात घालून बघा.

५. आतलं भरण

स्प्रिंगवर थेट फोम ठेवायचा नाही. तार फोमला कापत जाते आणि काही महिन्यांत खाली पिवळा भुसा पडायला लागतो. म्हणून थरांचा क्रम असा: स्प्रिंगवर घट्ट ताणलेलं गोणपाट, त्यावर काथ्याची रबर फवारलेली चटई किंवा पातळ रिबॉन्डेड (तुकडे दाबून केलेला) फोम, त्यावर मुख्य फोम, आणि सगळ्यात वर सेंटिमीटरभर मऊ फोम किंवा पॉलिस्टरचा कापूस, म्हणजे कडा टोकदार दिसत नाहीत.

काथ्याला नाक मुरडू नका. बीटलपासून जुन्या मर्सिडीजपर्यंत अनेक गाड्यांत रबर लावलेल्या काथ्याच्या किंवा घोड्याच्या केसांच्या गाद्या कंपनीनेच घातलेल्या होत्या. हवा खेळती राहते, घाम सुकतो, आणि उन्हात तापलेल्या गाडीत पाठ चिकटत नाही. मूळची काथ्याची गादी धड असेल तर झाडून, ऊन दाखवून पुन्हा वापरा, वर फक्त पातळ फोम द्या. काळी पडून कुबट वास मारत असेल, नाहीतर हातात चुरा होत असेल, तर मात्र काढा.

आता फोम. दुकानात ‘बत्तीस’, ‘चाळीस’ असे आकडे ऐकू येतील. ही घनता, म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किलोत. आणि इथेच नवख्याचा पहिला घोटाळा होतो: घनता म्हणजे कडकपणा नव्हे. चाळीसचा मऊ फोमही मिळतो आणि बत्तीसचा कडकही. घनता सांगते तो किती वर्षं टिकेल, कडकपणा सांगतो तो किती दबेल. दुकानात हाताने दाबून फक्त दुसरी गोष्ट कळते, म्हणून कडक पण हलका फोम ‘भारी माल’ म्हणून सहज गळ्यात मारता येतो.

वजनकाटा यासाठी. ५० बाय ५० सेंटिमीटरचा, १० सेंटिमीटर जाडीचा तुकडा मागा. चाळीसचा असेल तर बरोबर एक किलो भरला पाहिजे. बत्तीसचा आठशे ग्रॅम. साडेसहाशे भरला तर पुढे बोलायचं कारण नाही. वजन वाढवायला काही फोममध्ये खडूसारखी पूड मिसळलेली असते. त्यासाठी कापलेल्या कडेवर अंगठा जोरात चोळा आणि पांढरी भुकटी येते का बघा. तुकडा मुठीत आवळून सोडा. चांगला फोम लगेच मूळ आकारात येतो, भेसळीचा आळसावल्यासारखा हळूहळू उघडतो.

माझं मत: बसायच्या गादीला चाळीस किंवा त्याहून जास्त घनतेचा, शक्यतो एचआर म्हणजे जास्त उसळीचा फोम. पाठीला बत्तीस पुरतो आणि तो मऊ असावा. गादीच्या पुढच्या कडेला आणि बाजूच्या उंचवट्यांना रिबॉन्डेडची पट्टी, कारण चढता-उतरताना तीच कड चेपते. पूर्ण गादीच रिबॉन्डेडची करू नका. तो फोम जड आणि टिकाऊ असतो, पण त्यावर बसून नाशिकपर्यंत गेलात की कंबर सांगेल काय ते. स्प्रिंगा शाबूत असतील तर मुख्य फोम तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जाड लागत नाही. दुसऱ्या पायरीतला मापांचा कागद इथे काढा.

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात खऱ्या कापसाचा किंवा नमद्याचा (फेल्टचा) थर टाळा. पावसाळ्यात दाराच्या रबरातून येणारं पाणी तो धरून ठेवतो आणि खालची नवी रंगवलेली स्प्रिंग पुन्हा गंजते. सोलापूर-नगरकडे ही अडचण कमी.

६. वरचं कापड

चार पर्याय: पीव्हीसी रेक्झिन, पीयू (पॉलियुरेथेनचा थर दिलेलं नकली चामडं), खरं चामडं, विणलेलं कापड.

पीव्हीसी रेक्झिन ही फियाट-अ‍ॅम्बेसेडरसाठी सरळ निवड. मूळ रूपाशी जुळतं, पाणी पीत नाही, साबणाच्या पाण्याने साफ होतं. दोष दोनच: उन्हात तापतं, आणि हलक्या मालातला मऊपणा उडून गेला की तडकतं. घेताना उलटं करून बघा. मागे विणीचं, ताणलं जाणारं कापड असावं. दोन्ही दिशांनी थोडं ताणलं पाहिजे, नाहीतर गोलाईवर सुरकुत्या पडतात. घडी घालून नखाने दाबा. पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर माल नको.

पीयू हाताला लोण्यासारखं लागतं आणि ‘अगदी लेदर वाटतं’ म्हणून खपवलं जातं. दमट हवेत मात्र त्याचा वरचा थर ओलाव्याने सुटत जातो आणि काही वर्षांत पापुद्रे निघू लागतात. ऑफिसच्या खुर्च्यांचे हात सोललेले बघितले असतील, तोच माल. समुद्रकिनाऱ्याच्या गाडीला स्वस्त पीयू मी घालणार नाही, फुकट मिळालं तरी.

दुकानदारालाही कधी कधी दोन्हींतला फरक सांगता येत नाही. घरी नमुना आणून ओळखायची युक्ती: तांब्याची तार गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, नमुन्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी, कारण त्यात क्लोरीन असतो. खिडकी उघडी ठेवा, धूर वाईट असतो, आणि तार पक्कडीनेच धरा.

चामड्याचा हट्ट जुन्या ब्रिटिश गाड्यांसाठी ठीक आहे. तिथेही बऱ्याच गाड्यांत फक्त अंग टेकतं त्या भागाला चामडं आणि बाजूंना, मागच्या पाठीला चामड्यासारखं दिसणारं कापड असे. तसंच केलंत तर मूळ रूपही राहतं आणि खर्चही वाचतो. चामडं चौरस फुटावर विकतात आणि कातडं काही चौकोनी नसतं. कडा, छिद्रं, व्रण सोडून कापावं लागतं, त्यामुळे मापापेक्षा पाव ते एक तृतीयांश जास्त धरा. धारावीत चामड्याची दुकानं ओळीने आहेत, पण तिथला बराच माल बॅगा आणि जाकिटांसाठीचा, पातळ असतो. सीटसाठी एक मिलिमीटरहून थोडं जाड, रंग वरून पक्का केलेलं हवं. कोल्हापुरीचं चामडं कितीही आवडत असलं तरी सीटला नको. भिजून वाळलं की कडक होतं आणि कपड्यांना रंग लागतो. आणि पावसाळ्यात बंद गाडीतल्या चामड्यावर बुरशी येते, हे धरूनच चाला.

विणलेलं कापड बसायला सर्वांत सुखाचं. उन्हाळ्यात त्याला तोड नाही. तुमच्या गाडीत ते मूळचं असेल तर जरूर घाला. नसेल तर सोफ्याचं कापड आणून शिवू नका. सोफ्याचा माल उन्हात फिका पडतो आणि आगीच्या बाबतीत त्याची कोणी हमी घेत नाही. गाडीच्या कापडासाठी भारतात आयएस १५०६१ हे मानक आहे. अमेरिकेतल्या अशाच मानकात आडव्या धरलेल्या कापडावर ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. दुकानात ‘ऑटोमोटिव्ह ग्रेड’ आहे का एवढंच न विचारता रोलवरची चिठ्ठी बघा.

किती मीटर? रेक्झिनचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो. जुन्या तुकड्यांचे फर्मे जमिनीवर ५४ इंची चौकटीत मांडा आणि लांबी मोजा. उभ्या पट्ट्यांची शिलाई असेल तर प्रत्येक शिवणीत कापड आत जातं, तेवढं वाढवा. दाराचे पॅड त्याच रंगाचे करायचे असतील तर त्यांचंही आत्ताच घ्या. सगळं एकाच रोलमधून, वर एक मीटर जास्त. पुढच्या वर्षी त्याच क्रमांकाचं रेक्झिन आणलंत तरी छटा वेगळी निघते.

आता निवडा रंग. दिवसा, दुकानाबाहेर, पाकिटातला तुकडा शेजारी धरून.

७. कारागीर आणि शिलाई

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, ही गाड्यांच्या सामानाची ठिकाणं. सामान तिथे मिळेल. पण तयार सीट कव्हर चढवणारा आणि सीट मुळापासून भरणारा कारागीर हे दोन वेगळे लोक. त्याला एकच प्रश्न विचारा: ‘रिंगा कशाने मारता?’ पक्कड काढून दाखवली तर बोलणं पुढे न्या. ‘रिंगा कशाला, सोल्यूशनने चिकटवतो’ म्हणाला तर चहा पिऊन निघा. सोल्यूशन शिवणींच्या जागी ठीक. पूर्ण फोमवर चोपडलं तर फोम कडक होतो आणि पुढच्या वेळी कव्हर काढताना थरासकट निघतो.

दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा, सुती नाही; सुती दोरा घामाने आणि दमटपणाने कुजतो. टाका चार ते पाच मिलिमीटरचा. बारीक टाका मजबूत वाटतो, पण रेक्झिनला इतकी भोकं पडतात की ते पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेत फाटतं. पायपिंगच्या आत प्लॅस्टिकची दोरी घाला.

कव्हर चढवायच्या आधी रेक्झिन उन्हात ठेवून ऊबदार करा. फोमवर पातळ प्लॅस्टिक पसरलं की कव्हर सरकत बसतं; मग ते प्लॅस्टिक ओढून काढायचं, आत ठेवायचं नाही, नाहीतर बसल्यावर कुरकुर वाजत राहतं. ताण मधून कडेकडे द्यायचा. पहिल्या दिवशी दिसणाऱ्या बारीक सुरकुत्या दोन-चार दिवस ऊन मिळालं की जातात. शिवणीपासून निघालेली तिरपी घडी मात्र जात नाही. ती कापण्यातली चूक असते आणि तिथेच दुरुस्त करून घ्यायची.

८. पैसे देण्याआधी

काम सुरू होण्याआधी साध्या कागदावर लिहून घ्या: फोमची घनता आणि जाडी, काथ्या नवा की जुना, रेक्झिनचा क्रमांक, दोरा, किती दिवस, आगाऊ किती. फोम कापून झाल्यावर आणि कव्हर चढवण्याआधी एकदा बघायला येणार, हेही त्यात लिहा. झाकल्यानंतर आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

सीट गाडीत बसवूनच ताबा घ्या. ती रुळांवर पुढे-मागे शेवटपर्यंत सरकते का, पाठ दुमडत असेल तर दुमडते का, सीट बेल्टचे बोल्ट कव्हरखाली गाडले गेले नाहीत ना, हे बघा. पुन्हा त्याच तीन ठिकाणची मापं घ्या. दाराचं हँडल फिरवताना कोपर गादीच्या नव्या कडेला लागतं का तेही तपासा. जाड कड केली की लागतंच, आणि ते दुकानातच उतरवून घेता येतं.

उरलेलं रेक्झिन घडी न घालता गुंडाळून, चांगली बाजू बाहेर ठेवून कपाटावर टाका. सीट पुसायला सौम्य साबणाचं पाणी आणि ओलं फडकं बास. थिनर, पेट्रोल आणि चकचकीत करणारी सिलिकॉनची पॉलिश यांपासून तिला लांब ठेवा. पॉलिश केलेल्या बेंच सीटवर वळणाला शेजारचा माणूस घसरत तुमच्या अंगावर येतो.